पोरीच्या ॲडमिशनआधी कागद काढा: इंजिनीअरिंग-सायन्सच्या स्कॉलरशिपचं गणित

मागच्या जुलैत मामाचा फोन आला, रात्री साडेदहाला, आणि गावाकडे साडेदहा म्हणजे मध्यरात्रच, म्हटलं आता काय झालं, तर म्हणे ओटीपी येईना. कसला ओटीपी? तर माझ्या मामेबहिणीला पुण्यात इंजिनीअरिंगला कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, सीट लागलेली, महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर, फॉर्म भरायला दुपारभर दोघं तालुक्याला सायबर कॅफेत बसून आले, आणि तिच्या आधारला लिंक असलेला नंबर निघाला मामाच्या एका जुन्या सिमचा, जे त्याने दोन वर्षांपूर्वीच रिचार्ज करायचं सोडून दिलं होतं. पोरीला मार्क होते, उत्पन्नाची अट बसत होती, योजना होती, सगळं होतं, आणि गाडी अडली कुठे तर सिमकार्डात.

मी स्वतः डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली, स्कॉलरशिपवरच शिकले, आणि आता नात्यातल्या, गल्लीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या पोरींचे फॉर्म बघून देते. दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून काढतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलींना सायन्स-टेक्नॉलॉजी शिकायला पैसा नाही असं आता फारसं राहिलेलं नाही, पैसा आहे, पण तो तारखा आणि कागद यांच्या पलीकडे ठेवलेला आहे, आणि पोरी मार्कांमुळे कमी अन् कागदांमुळे जास्त मागे राहतात.

आधी राज्याचं बघू कारण महाराष्ट्रात सगळ्यात मोठी रक्कम तिथेच सुटते. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारने जीआर काढला, त्यात घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, २०२४-२५ पासून. त्याआधी या गटांना निम्मी सवलत होती, म्हणजे ५० टक्के सरकार आणि ५० टक्के बाप. ओपनमधल्या मुलींनी गोंधळायचं काही कारण नाही, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर त्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून अर्ज करतात, हीच ती जी सगळे तोंडाने ‘ईबीसी’ म्हणतात. एससी, एसटी आणि व्हीजेएनटी मुलींच्या फीचा विषय आधीपासूनच वेगळ्या योजनांत आहे, एससी-एसटीला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि त्याच्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे नुसती फीमाफी.

आता हे ‘मुलींना शिक्षण मोफत’ असं बॅनरवर छापलं की लोकांना वाटतं सगळंच मोफत. तसं नाहीये. माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस, लॅबचा ॲप्रन, अनामत रक्कम, हे सगळं तुमच्याच खिशातून. मामेबहिणीच्या वेळेला मामा कॉलेजात गेला तो ‘फी शून्य’ असं डोक्यात धरून, आणि काउंटरवरच्या क्लार्कने एक कागद पुढे सरकवला त्यावर बावीस हजारांचा आकडा, वर शिक्षण फीच्या रकान्यात बरोबर शून्य आणि खाली सात-आठ ओळी कसल्या कसल्या. मामाने गावाला परत यायच्या गाडीभाड्याचे सोडून बाकी सगळे तिथेच मोजले. त्यामुळे कॉलेज निवडताना फीचा तक्ता ओळीनं वाचा, एकूण आकडा बघून घाबरू नका आणि ‘मोफत’ ऐकून हुरळून पण जाऊ नका.

आणि यात तीन खड्डे आहेत, ज्यात दरवर्षी कोणी ना कोणी पडतंच.

पहिला खड्डा कॅपचा. ही फीमाफी फक्त केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून सीट घेतली तरच. मॅनेजमेंट कोटा चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण कॅप संपल्यावर उरलेल्या जागांवर कॉलेज स्वतः जे इन्स्टिट्यूट लेव्हलचे प्रवेश देतं तेही चालत नाहीत हे माहीत नसतं. होतं काय, पोरीला तिसऱ्या राउंडला मेकॅनिकल मिळतं, तिला पाहिजे असतं कॉम्प्युटर, मग कोणीतरी सांगतं थांब गं, नंतर इन्स्टिट्यूट लेव्हलला त्याच कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल, ती सीट सोडते, कॉम्प्युटर मिळतंसुद्धा, आणि चार वर्षांची फीमाफी गेली. चार वर्षांचा हिशोब केला तर तीन-चार लाखांचा फरक पडतो बरं का. कॉम्प्युटरच पाहिजे असेल तर घ्या, पण हा आकडा माहीत असून घ्या.

दुसरा खड्डा विद्यापीठाचा. कॉलेज सरकारी असो, अनुदानित असो की कायम विनाअनुदानित असो, चालतं. पण खाजगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठ या योजनेत नाही. हायवेला ज्यांचे मोठे मोठे होर्डिंग लागतात त्यातली बरीच या दुसऱ्या गटातली. ॲडमिशन घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, हे कॉलेज महाडीबीटीवर आहे का आणि माझी सीट कॅपची आहे का. ‘आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे मॅडम’ असं उत्तर आलं तर समजायचं.

तिसरा खड्डा उत्पन्नाच्या दाखल्याचा, त्याच्याकडे नंतर येते कारण तो सगळ्याच योजनांना लागतो.

सीट शोधतानाच दोन गोष्टी मुलींनी बघायच्या. कटऑफच्या यादीत ते जे कोड असतात, जीओपीईएनएच, एलओपीईएनएच वगैरे, त्यात सुरुवातीचं जी म्हणजे जनरल आणि एल म्हणजे लेडीज. राज्याच्या कॅपमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी असतात, तर मुलीने आपला अंदाज बांधताना एलचा कटऑफ बघायचा, बऱ्याच पोरी जीचाच बघून ‘आपलं नाही होणार’ म्हणून ते कॉलेज यादीतच टाकत नाहीत. दुसरं म्हणजे टीएफडब्ल्यूएस, ट्यूशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक कोर्सला ५ टक्के जादा जागा असतात, ८ लाखांच्या आत उत्पन्नवाल्यांना, मुलगा-मुलगी कोणीही, आणि चॉइस कोडच्या शेवटी टी असतो. पूर्वी मुलीसुद्धा या टीवर तुटून पडायच्या. आता ज्या मुलीची फी एरवीच माफ होतेय तिने टीच्या मागे लागायची तेवढी गरज नाही, टीचा कटऑफ जास्त असतो, साध्या कोडवर त्याच मार्कांत अजून चांगलं कॉलेज मिळू शकतं. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण कागदावर मांडून बघा.

आयआयटीचं पण दोन ओळींत सांगते कारण त्यावरून घरोघरी वाद होतात. ‘मुलींना कोटा दिला, आमच्या पोराची सीट गेली.’ नाही गेली. आयआयटीत मुली जेमतेम आठ-नऊ टक्के होत्या म्हणून २०१८ पासून सुपरन्युमररी जागा सुरू केल्या, सुपरन्युमररी म्हणजे होत्या त्या जागांच्या वरच्या, जादा वाढवलेल्या. पहिल्या वर्षी मुलींचं प्रमाण १४ टक्के करायचं ठरलं, मग १७, मग २०२० ला २०. मुलांच्या आधीच्या जागा होत्या तेवढ्याच ठेवून हे केलं. जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हावंच लागतं, ते काही सुटत नाही.

आता केंद्राकडे. मुलींसाठी टेक्निकल शिक्षणात जिचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं ती एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप. वर्षाला ५० हजार रुपये, एकरकमी, मुलीच्या खात्यात. देशभरात दरवर्षी डिग्रीला ५ हजार आणि डिप्लोमाला ५ हजार मुली. अट अशी की एआयसीटीई मान्य कॉलेज, पहिलं वर्ष किंवा लॅटरल एन्ट्रीने दुसरं वर्ष, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुली. निवड मार्कांवर होते, डिप्लोमाला दहावीचे, डिग्रीला बारावीचे. म्हणजे सीईटीला कितीही पर्सेंटाइल आले तरी इथे बोर्डाचे मार्क बघतात, आणि बोर्डाकडे दुर्लक्ष करून नुसती सीईटी घासणाऱ्या पोरींना हे फार उशिरा कळतं. डायरेक्ट सेकंड इयरवाल्या मुलींना तर बऱ्याचदा माहीतच नसतं की त्यांनाही त्या वर्षी अर्ज करता येतो, मला स्वतःला कोणी सांगितलं नव्हतं, आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ते परिपत्रक लागलं तेव्हा शेवटची तारीख उलटून गेली होती.

प्रगतीचे पैसे कशावर खर्च करायचे त्याला फार बंधन नाही, फी, लॅपटॉप, पुस्तकं, सॉफ्टवेअर, काहीही शिक्षणाचं. पण एक मेख आहे. प्रगती घ्यायची तर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. मग राज्याची फीमाफी की प्रगती? इथे भावनेत जायचं नाही, वजाबाकी करायची. समजा विनाअनुदानित कॉलेज आहे, शिक्षण फी ९० हजार. राज्याची माफी घेतली तर ९० वाचतात, प्रगतीने ५० मिळतात, मग राज्याचीच घ्या. समजा सरकारी कॉलेजला नंबर लागला, शिक्षण आणि परीक्षा फी मिळून २० हजार. तिथे माफी घेतली तर २० वाचले आणि हॉस्टेल-मेस उरलंच, प्रगती घेतली तर ५० हातात आले, फी भरून ३० हजार उरले. सरकारी कॉलेजातल्या मुलीने प्रगती सोडून फीमाफी घेतली की मला हळहळ वाटते. अर्थात प्रगती मेरिटवर आहे, मिळेलच असं नाही, म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला जाऊन विचारायचं की एकाचा अर्ज चालू असताना दुसऱ्याचं काय करायचं. व्हॉट्सॲप ग्रुपला नाही विचारायचं. तिथे प्रत्येकाच्या चुलत भावाला काहीतरी माहीत असतं.

बीएस्सीवाल्या मुलींचं वेगळं आहे. सायन्सला मुली कमी असतात हा आपला समज आहे, पण केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात सायन्स शाखेला ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यातल्या २९.८ लाख मुली, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त. पोरी कमी पडतात त्या इंजिनीअरिंगला, आणि मग पुढे पीएचडी करून संशोधनात टिकायच्या वेळेला. तर या बीएस्सीच्या मुलींसाठी सगळ्यात मोठी म्हणजे इन्स्पायर शी. नावात ‘शी’ आहे म्हणून ती फक्त मुलींची असं वाटतं, मला पण वाटलं होतं, पण ते स्कॉलरशिप फॉर हायर एज्युकेशनचं लघुरूप आहे, मुलं-मुली दोघांना मिळते. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळ्यात कोणा शास्त्रज्ञाकडे प्रोजेक्ट करायला. बोर्डाच्या बारावीच्या वरच्या १ टक्क्यात असायला लागतं किंवा जेईई-नीटसारख्या परीक्षेत वरच्या १० हजारांत. आणि मूलभूत विज्ञानच घ्यायचं, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी असं. इंजिनीअरिंगला नाही, बीएस्सी आयटीला पण नाही. ९० च्या वर मार्क पडलेली हुशार पोरगी ‘फक्त बीएस्सी करतेय’ म्हणून नातेवाइकांत तोंड लपवत फिरते, आणि तिला हे कोणी सांगत नाही की अगं तुझ्या बीएस्सीला सरकार वर्षाला ८० हजार देऊ शकतं.

तेवढे मार्क नसतील तर केंद्राची अजून एक आहे, सेंट्रल सेक्टर स्कीम, आता तिला पीएम-यूएसपी म्हणतात. बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, पदवीला वर्षाला १२ हजार. दरवर्षी ८२ हजार नवीन विद्यार्थी आणि त्यातल्या निम्म्या जागा मुलींच्या. १२ हजार म्हणजे महिन्याला हजार, हसू नका, खेड्यातून तालुक्याला जाणाऱ्या पोरीचं एसटीचं भाडं आणि झेरॉक्स त्यात निघतं.

फीचं झालं. पण मुलीचं शिक्षण सुटतं ते बहुतेक वेळा फीमुळे नाही, राहण्या-खाण्यामुळे सुटतं, कारण मुलगा चार मित्रांबरोबर कुठेही रूम करून राहतो आणि मुलीला ‘नीट जागा मिळाली तरच पाठवू’ असं असतं. त्यावर योजना आहेत पण प्रत्येक खात्याची वेगळी आणि नावं लक्षात ठेवायची म्हणजे परीक्षाच. एससी आणि नवबौद्ध मुलींना सरकारी हॉस्टेल नाही मिळालं तर स्वाधार योजना, मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत, लहान ठिकाणी त्याहून कमी. ओबीसी, व्हीजेएनटीसाठी तशीच ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, एसटीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलीला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. या शेवटच्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती आहे. मामाची जमीन दोन एकर, मामा अल्पभूधारकच, पण तसा दाखला काढायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, ‘सात-बारावर दिसतंय की’ म्हणाला. दिसतंय खरं, पण पोर्टलला दाखला लागतो.

आता कागद. लेखाचा हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सगळं इथेच अडतं, त्यामुळे चहा घेऊन या.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, आणि तो ३१ मार्चला संपतो. म्हणजे जानेवारीत काढून ठेवलात आणि हुशारी केली असं वाटलं तरी जुलैत तो शिळा झालेला असतो. एप्रिल उजाडला की नवा काढायचा, बारावीचा निकाल लागायच्या आत, कारण निकालानंतर अख्खा तालुका सेतू केंद्रावर रांगेत असतो आणि सर्व्हर आडवा पडलेला असतो. डोमिसाइल एकदाच काढायचं, ते टिकतं. जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर आणि जात पडताळणी ज्यांना लागते त्यांनी पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच टाकायचा, ते काम महिन्यांत होतं, दिवसांत नाही. आणि या दाखल्यांवर खाली बारकोड नंबर असतो तो झेरॉक्समध्ये फाटू देऊ नका, महाडीबीटी तो नंबर मागतं आणि त्यावरून दाखला स्वतःच शोधून काढतं.

मग नावं. मामाचं रेशनकार्डावर नाव बाळू, आधारवर बाळासाहेब. पोरीच्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव बाळासाहेब, उत्पन्नाच्या दाखल्यावर तलाठ्याने रेशनकार्ड बघून बाळू लिहिलेलं. माणूस एकच, गावात त्याला तिसऱ्याच नावाने हाक मारतात, पण कॉम्प्युटरसाठी हे दोन बाप झाले. फॉर्म परत आला. सेतूवाल्याने सांगितलं प्रतिज्ञापत्र करा, ते केलं, मग दाखला दुरुस्त करून आणला, त्यात अकरा दिवस गेले, आणि ओटीपीच्या आधार अपडेटमध्ये त्याआधीच आठ गेलेले. घरातल्या सगळ्यांची आधार, पॅन, रेशनकार्ड, मार्कशीट एकदा सतरंजीवर मांडून नावं जुळवून बघा. दहावीच्या सुट्टीत करायचं काम आहे हे.

बँकेचं तर अजून गमतीशीर. मुलगी बँकेत जाते, विचारते माझं आधार लिंक आहे का, साहेब म्हणतात हो आहे. पण लिंक दोन प्रकारचं असतं. एक केवायसीसाठी जोडलेलं आणि एक डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या महामंडळाच्या, यादीत नोंदवलेलं. सरकारचे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार नंबर बघून येतात, आणि एनपीसीआयच्या यादीत त्या आधारासमोर जी बँक शेवटची नोंदवलेली असेल तिथे जाऊन पडतात. लहानपणी शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं आणि नंतर बंद पडलेलं खातं तिथे असलं तर पैसे परत. म्हणून बँकेत विचारायचा प्रश्न असा, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग या खात्याला ॲक्टिव्ह आहे का?’ हेच शब्द वापरा, वेगळे वापरले तर वेगळं उत्तर मिळतं.

केंद्राच्या प्रगती वगैरे योजनांचा फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतो, तिथे आधी ओटीआर करायचं, वन टाइम रजिस्ट्रेशन, त्यात मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवायची असते. उजेडात बसा. चौदा आकडी नंबर मिळतो तो वहीत लिहून ठेवा, फोन हरवतात. फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं नाही, तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला नोडल ऑफिसर तपासून पुढे ढकलतो, मग वरच्या पातळीवर तपासणी. कॉलेजने मुदतीत पुढे ढकललाच नाही तर तुमचा काही दोष नसताना अर्ज बाद. म्हणून सबमिट केल्यावर प्रिंट आणि कागदांचा संच घेऊन स्वतः स्कॉलरशिप सेक्शनला द्यायचा आणि दर आठवड्याला स्टेटस बघायचं. तिकडच्या क्लार्क काकांशी, मॅडमशी नीट बोला, त्यांच्याकडे हजार-दीड हजार फॉर्म असतात आणि माणसं दोन.

आमच्या कॉलेजात एकाने मला सांगितलं होतं की आधी सगळी फी भर, स्कॉलरशिप आली की परत देऊ. आईने गळ्यातलं गहाण ठेवून भरली. ते पैसे मी लास्ट इयरला असताना परत आले, तेही तीनदा अर्ज करून. आता जीआरमध्ये बसणाऱ्या मुलीकडून माफ असलेली फी आधी मागायची नाही असं सरकारनेच कॉलेजांना बजावलंय, तरी मागितली तर ‘लेखी द्या’ एवढंच म्हणा. बऱ्याच ठिकाणी लेखी म्हटलं की सूर बदलतो.

खाजगी स्कॉलरशिप हा तिसरा खिसा. इन्फोसिस फाउंडेशनची स्टेम स्टार्स फक्त मुलींसाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, चार वर्षं. कोटक कन्या स्कॉलरशिप वर्षाला दीड लाख, बारावीनंतर व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलींना. पुण्यातलं लीला पूनावाला फाउंडेशन गेली कित्येक वर्षं इंजिनीअरिंग, सायन्स, फार्मसी, नर्सिंगच्या मुलींना मदत करतंय, तिथे इंटरव्ह्यू होतो आणि पैशाबरोबर ट्रेनिंग पण देतात, तिथून गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीने मला सांगितलं की पैशापेक्षा मला इंग्रजीत उभं राहून बोलायला शिकवलं ते जास्त उपयोगी पडलं. खाजगीवाले ‘दुसरी शिष्यवृत्ती मिळते का’ विचारतात, खरं सांगा, काही जण राज्याची फीमाफी धरूनही हॉस्टेलला देतात. अटी दरवर्षी हलतात त्यामुळे मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉट घेऊन बसू नका, त्यांच्याच साइटवर बघा. आणि कोणी ‘प्रोसेसिंग फी भरा, स्कॉलरशिप पक्की’ म्हणालं किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पैसे देणारा माणूस आधी पैसे मागत नाही.

यातूनही भागलं नाही तर लोन. कर्जाला आपल्याकडे उगाच घाबरतात. बऱ्याच सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी आहे, निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश असेल तर तारण नाही, जामीनदार नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. शिकायला कर्ज घेणं काही नवीन फॅड पण नाही, जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी जो निधी काढला तो कर्जाऊच होता, शिकून कमवा आणि परत करा, आणि त्याचा पहिला लाभ ज्यांना झाला त्या दोन डॉक्टर बायका होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. एकशेतीस वर्षांपूर्वी. हे मी मामीला सांगितलं तर ती म्हणाली, मग आपलं काय अडलंय.

पीएचडीचं थोडक्यात, कारण तिथपर्यंत गेलेल्या मुली स्वतः शोधतात. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार. एकुलत्या एक मुलीला यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप. राज्यात बार्टी (एससी), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, व्हीजेएनटी) या संस्थांच्या फेलोशिप. लग्न, बाळंतपण यात खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण आहे, त्यातल्या वाइज-पीएचडीला २७ ते ४५ वय चालतं. आणि हे फार कमी जणींना माहीत असतं की पीएचडीत २४० दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते आणि वर मुदत दोन वर्षं वाढवून मिळते. गाइडला माहीत नसेल तर यूजीसीचा नियम प्रिंट काढून द्या, वाद घालू नका, प्रिंट द्या.

मामेबहिणीचा फॉर्म शेवटी सप्टेंबरात मंजूर झाला. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, पुढच्या वर्षी परत भरायचाय ना?’ हो, परत. दरवर्षी रिन्यूअल, दरवर्षी नवा उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षीची मार्कशीट, आणि परत ओटीपी. आधारला आता तिचा स्वतःचा नंबर आहे. मामाने ते जुनं सिम मात्र कंपनीच्या दुकानात जाऊन पुन्हा चालू करून आणलंय, साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून देवघरातल्या फळीवर ठेवलंय, आणि दर महिन्याला न चुकता रिचार्ज मारतो. म्हटलं मामा, आता त्याची गरज नाहीये. तर म्हणे असू दे, बँकेला अजून तोच नंबर असेल तर?

बघितलं. बँकेला तोच होता.